ऑबस्टॅकला स्वतंत्र लेख हवा का? मेमरीच्या आडवाटेच्या विषयांचं विकिपीडियावर काय करायचं ते कसं ठरवावं

तर होतं असं की आपण काम करता करता मेमरी अलोकेशनची, म्हणजे प्रोग्रामला लागेल तशी मेमरी वाटून द्यायची, एखादी भन्नाट ट्रिक शिकतो, ती डोक्यात बसते, मग विकिपीडियावर शोधून बघतो तर लेखच नाही, आणि हात शिवशिवायला लागतात. माझंही तेच झालेलं. एका जुन्या पार्सरच्या (मजकूर वाचून त्याचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडमध्ये ऑबस्टॅक नावाचा मेमरी वाटायचा प्रकार सापडला, दोन दिवस डोकं खाजवल्यावर समजला, तिसऱ्या दिवशी मी एका ऑनलाइन ज्ञानकोशात त्याच्यावर ऐटीत लेख टाकला आणि आठवड्याभरात तो उडाला. तेव्हा जाम राग आला होता. नंतर शांतपणे स्वतःच्याच तळटीपा उघडून बघितल्या तर सातच्या सात एकाच मॅन्युअलच्या वेगवेगळ्या पानांवर जात होत्या, म्हणजे उडवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर असे बरेच विषय चाळले आणि ठरवायची एक पद्धत हाताला बसली, ती लिहितोय. उदाहरणं सगळी मेमरीचीच आहेत, पण कंपायलर, नेटवर्किंग, डेटाबेस कुठल्याही कोपऱ्यातल्या विषयाला ती चालेल.

सुरुवातीलाच एक सांगतो. "हे फार उपयोगी आहे", "प्रत्येक सी प्रोग्रामरला माहीत असायलाच पाहिजे", "आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये चालतं" हे सगळं खरं असेल, पण त्याने लेख मिळत नाही. विचारतात ते एवढंच की या विषयाशी ज्यांचं काही घेणंदेणं नाही अशा लोकांनी, भरवशाच्या ठिकाणी, यावर ऐसपैस लिहिलंय का. विकिपीडियाच्या भाषेत याला उल्लेखनीयता म्हणतात. शब्द जड आहे आणि त्यामुळे लोकांना वाटतं की आपल्या विषयाला कमी लेखलं, तसं काही नसतं.

आधी वस्तू काय आहे ते एका वाक्यात लिहा

हे लोक करतच नाहीत आणि पुढे सगळा घोळ इथूनच होतो. मेमरीतली कुठलीही गोष्ट घ्या, ती या चारातली एक असते: कल्पना, त्या कल्पनेचं एखादं इम्प्लिमेंटेशन, लायब्ररीतलं एखादं फंक्शन, किंवा जुन्याच कल्पनेला कोणीतरी दिलेलं नवीन नाव. बडी अलोकेशन ही कल्पना. लिनक्समधला स्लब हे स्लॅब नावाच्या कल्पनेचं इम्प्लिमेंटेशन. अलोका हे फंक्शन, जे स्टॅकवरच जागा देतं आणि फंक्शन परतलं की जागा आपोआप जाते, आणि गंमत म्हणजे ते ना सी स्टँडर्डमध्ये आहे ना पोझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये), तरी सगळीकडे सापडतं. कल्पनेला लेख मिळायची शक्यता सगळ्यात जास्त, नुसत्या नावाला जवळपास शून्य.

आता ऑबस्टॅक यात कुठे बसतो ते बघू, कारण तो मधल्या फटीत अडकतो. समजा तुमचा पार्सर एक नाव वाचतोय, ते किती लांब आहे ते आधी माहीत नाही. ऑबस्टॅकला तुम्ही एकेक अक्षर देत जाता, तो चालू चंकमध्ये (एकदम घेतलेल्या मेमरीच्या मोठ्या तुकड्यात) ते वाढवत जातो, चंक भरला तर नवीन मोठा चंक घेऊन अर्धवट झालेलं नाव तिकडे हलवतो, आणि नाव संपलं की तुम्ही फिनिश म्हणता, मग पक्का पत्ता मिळतो जो पुढे हलत नाही. असे एकावर एक ऑब्जेक्ट रचले जातात. सोडवताना मात्र नियम असा की एखादा ऑब्जेक्ट फ्री केला की तो आणि त्याच्यानंतर आलेले सगळे जातात. हॉटेलात ताटांची चळत असते ना, मधलं ताट ओढलं तर वरची सगळी येणार, तसं. साधारण चंक ४०९६ बाइटचा धरतात. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सी लायब्ररीत हे आहे, जीसीसी या त्यांच्याच कंपायलरच्या कोडमध्ये वापरलंय.

छान आहे की नाही? आहेच. पण एका वाक्यात लिहायला बसलात तर वाक्य असं होतं: "ग्नू प्रकल्पाची, स्टॅकसारख्या क्रमाने मोकळी होणारी, रीजन प्रकारची मेमरी देणारी सोय." म्हणजे रीजन ही कल्पना (ती काय ते पुढच्याच भागात सांगतो) आणि ऑबस्टॅक तिची एक विशिष्ट जात. वाक्यात मोठ्या कल्पनेचं नाव आपसूक आलं की समजायचं, घर बहुतेक तिथे आहे.

नावांचा गोंधळ सोडवा

या विषयात नावांनी वात आणलाय. रीजन म्हणजे काय तर भरपूर छोटे छोटे तुकडे एका मोठ्या जागेतून घ्यायचे, एकेकटा परत करायचाच नाही, काम झालं की सगळी जागा एका झटक्यात सोडून द्यायची. पंगतीला स्टीलची ताटं असली की प्रत्येक ताट उचला, घासा, जागेवर ठेवा, ते झालं मॅलॉक आणि फ्री, म्हणजे सी मधली मेमरी घ्यायची आणि परत करायची नेहमीची फंक्शन्स. पत्रावळ्या असल्या की पंगत उठल्यावर सगळ्या एकत्र गोळा करून टाकून दिल्या, ते झालं रीजन. आता याच गोष्टीला कोणी रीजन म्हणतं, कोणी अरीना, कोणी झोन, अपाचेवाले पूल म्हणतात, पोस्टग्रेसवाले मेमरी कॉन्टेक्स्ट म्हणतात, सी प्लस प्लसच्या २०१७ च्या स्टँडर्डमध्ये मोनोटॉनिक बफर रिसोर्स नावाने साधारण तीच चीज आली. बारीकसारीक फरक आहेत, पण म्हणून सहा लेख होत नाहीत, एक लेख आणि पाच पुनर्निर्देशनं (त्या नावाने शोधलं तरी मूळ लेखावर नेणारी पानं) होतात.

उलटा घोळही आहे. ग्नू सी लायब्ररीच्या मॅलॉकमध्ये अरीना हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. बऱ्याच थ्रेडनी (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकाच लॉकसाठी रांग लावू नये म्हणून तिथे वेगवेगळे हीप, म्हणजे मेमरीचे साठे, ठेवतात, त्यांना अरीना म्हणतात, आणि ६४ बिट मशीनवर त्यांची मर्यादा ठरलेली नसेल तर कोअरच्या आठपट धरतात. त्याचा पत्रावळीवाल्या अरीनाशी संबंध नाही. मी एका ड्राफ्टमध्ये हे दोन्ही एकत्र शिजवलेले बघितलेत, लिहिणाऱ्याने सर्च केलं, शब्द जुळला, तळटीप लावली. स्रोत खरा, वाक्य चूक. त्यामुळे तळटीप लावण्याआधी समोरच्या पानावर तो शब्द नक्की कशाला वापरलाय ते वाचा, नुसता कंट्रोल एफ मारू नका. (स्लॅब शोधलंत तर निम्मे रिझल्ट सिमेंट काँक्रीटचे येतील, तिथे सोबत कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा शब्द टाका.)

स्रोत मोजू नका, वाचा

"गूगलवर इतके हजार रिझल्ट आहेत" हा मुद्दा कोणीच धरत नाही, तो काढूच नका. तीन चांगले स्रोत पुरतात, पण ते खरोखर चांगले पाहिजेत. मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो.

लिहिणारा कोण? ज्याने ती गोष्ट बनवली त्यानेच लिहिलं असेल तर माहिती घ्यायला तो उत्तम स्रोत, पण उल्लेखनीयतेसाठी त्याचं वजन कमी, स्वतःच्या मुलाचं प्रगतिपुस्तक स्वतःच भरल्यासारखं ते. ग्नूचं मॅन्युअल ऑबस्टॅकबद्दल भरपूर आणि सुंदर लिहितं, पण ते घरचंच आहे. इथेच माझा लेख पडला.

किती लिहिलंय? पेपरमध्ये "याशिवाय अमुक, तमुक आणि ढमुक तंत्रं आहेत" एवढ्यात नाव येऊन गेलं तर तो उल्लेख झाला, चर्चा नाही. मी तर चक्क परिच्छेद मोजतो. दोन-तीन परिच्छेद त्याच विषयावर असतील आणि त्यातून मला लेखात किमान चार नवीन वाक्यं लिहिता येत असतील तर तो स्रोत धरायचा.

कुठे छापलंय? परिषदेतला पेपर, जर्नल, पाठ्यपुस्तक चांगलं. प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं उत्तर, कोणाचंही वैयक्तिक लिखाण, कोड रिपॉझिटरीची रीडमी फाइल, हे नाही, कितीही हुशार माणसाचं असलं तरी शक्यतो नाही.

सर्व्हे पेपर मिळाला तर सोनंच, कारण तिथे तिसरा माणूस इतरांच्या कामाची तुलना करत असतो. मेमरीसाठी पॉल विल्सन आणि मंडळींचा १९९५ चा डायनॅमिक स्टोरेज अलोकेशनवरचा सर्व्हे आहे, तो आधी उघडा. त्याच्याआधी डोनाल्ड क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या पुस्तकाच्या पहिल्या खंडातला २.५ हा विभाग. या दोन ठिकाणी तुमच्या जुन्या कल्पनेवर काही असेल तर अर्धी लढाई झाली. आणि नुसतं कौतुक गोळा करू नका, टीकाही शोधा. बर्जर, झॉर्न आणि मकिन्ली यांनी २००२ मध्ये स्वतःचे खास अलोकेटर वापरणारे आठ प्रोग्राम तपासले आणि त्यातले सहा साध्या, डग ली यांच्या सर्वसाधारण अलोकेटरवर तितकेच चांगले चालतात असं दाखवलं. फायदा खरा दिसला तो रीजनवाल्यांना, आणि त्यांचा तोटाही सांगितला की एकेक तुकडा सोडता येत नसल्याने मेमरी साचत जाते. असा एक पेपर हातात असला की रीजनच्या लेखाला दोन्ही बाजू मिळतात, जाहिरात वाटत नाही.

धूळपाटीवर सांगाडा लावून बघा

मराठी विकिपीडियावर कच्चं लिहायच्या पानाला धूळपाटी म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. तिथे पाच ओळी लिहा: म्हणजे काय, कुठून आलं, चालतं कसं, कुठे वापरतात, त्रुटी काय. आता प्रत्येक ओळीखाली फक्त परक्या स्रोतांतून जे लिहिता येईल तेच लिहा, स्वतःला माहीत असलेलं नाही. हा भाग जरा जीव खातो कारण आपल्याला माहीत बरंच असतं.

बडी अलोकेशन लावून बघा. जागा दोनच्या घातांच्या मापात कापायची, ७० केबी मागितले तर १२८ केबीचा तुकडा मिळणार आणि ५८ वाया, पण सोडताना शेजारचा जोडीदार कुठे आहे ते पत्त्यातला एक बिट उलटवून लगेच कळतं आणि दोघं मोकळे असतील तर जोडून परत मोठा तुकडा होतो. इतिहास म्हणाल तर क्नुथ याचं श्रेय १९६३ मधल्या हॅरी मार्कोविट्झ यांना देतात, आणि नोल्टन यांचा पेपर १९६५ चा. हे तेच मार्कोविट्झ ज्यांना १९९० मध्ये गुंतवणुकीच्या पोर्टफोलिओच्या सिद्धांतासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे म्युच्युअल फंडवाले ज्यांचं नाव घेतात तेच गृहस्थ. लिनक्स आजही मेमरीची पानं (ठरलेल्या मापाचे तुकडे) वाटायला हेच वापरतं. पाचही ओळी भरल्या, स्वतंत्र लेख, प्रश्नच नाही.

स्लॅब पण तसाच. जेफ बॉनविक यांचा १९९४ चा यूझेनिक्स परिषदेतला पेपर, सनओएस ५.४ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केलेलं काम. कर्नेलला एकाच मापाचे ऑब्जेक्ट सारखे लागतात आणि दरवेळी ते नव्याने मांडण्यात, त्यातली लॉक वगैरे तयार करण्यात वेळ जातो, मग वापरून झालेला ऑब्जेक्ट मांडलेल्या अवस्थेतच बाजूला ठेवायचा आणि पुढच्याला तोच द्यायचा. हा पेपर बनवणाऱ्याचाच, बरोबर, पण पुढे मेल गोरमन यांच्या लिनक्सच्या मेमरीवरच्या २००४ च्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे, आणि इंजिनिअरिंगला आपण सगळ्यांनी जे गॅल्विन म्हणून घोकलं त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात बडी आणि स्लॅब शेजारी शेजारी आहेत. गॅल्विनमध्ये आहे म्हणजे परक्या माणसाने वाचकासाठी निवडून घेतलंय. विषय मावतो.

मग स्लबचं काय? तो २००७ मध्ये लिनक्स २.६.२२ मध्ये आला, नंतर स्लॉब हा लहान मशीनसाठीचा तिसरा प्रकार ६.४ मध्ये आणि मूळ स्लॅबचं इम्प्लिमेंटेशन ६.८ मध्ये कर्नेलमधून काढून टाकलं, आता एकटा स्लबच उरलाय. ही कथा मस्त आहे, पण स्लॅबच्या लेखातच जास्त शोभते, वेगळी काढली तर दोन्ही लेख लंगडे होतात असं माझं मत. आणि हो, कोड कर्नेलमधून गेला म्हणून लेख जात नाही. एकदा ज्याच्यावर पुरेसं लिहिलं गेलं ते लिहिलेलं राहतं.

ऑबस्टॅक लावला तर "चालतं कसं" ही ओळ दोन पानं भरते, "कुठे वापरतात" अर्धी, बाकी तीन घरच्याच स्रोतांवर. म्हणून तो रीजनच्या लेखात एक विभाग. मला हे मान्य करायला वर्ष गेलं.

विभाग करायचा ठरला तर

रडायचं नाही. रीजनच्या लेखात "स्टॅक क्रमाने मोकळी होणारी रूपं" असा काहीतरी उपविभाग करा, तिथे ऑबस्टॅकचे दोन परिच्छेद घाला, आणि ऑबस्टॅक या नावाचं पुनर्निर्देशन थेट त्या विभागावर द्या. वाचकाने नाव टाइप केलं की तो तिथेच उतरतो, त्याला वेगळा लेख होता की नव्हता याने फरक पडत नाही. उलट त्याला शेजारीच पूल आणि मेमरी कॉन्टेक्स्ट पण दिसतात. उद्या कोणी परक्याने त्यावर नीट लिहिलं, तर पुनर्निर्देशन मोडून लेख करायला दोन मिनिटं लागतात, जुना मजकूर इतिहासात असतोच.

मूळ लेख मात्र फुगवू नका. चार परिच्छेदांच्या लेखात तुमचा दहा परिच्छेदांचा लाडका विभाग म्हणजे मुंडावळ्या नवऱ्यापेक्षा मोठ्या.

स्वतंत्र लेख ठरला तर

एक चूक सगळे टेक्निकलवाले करतात, लेखाचं ट्युटोरिअल होतं. "आता आपण हेडर इन्क्लूड करू" हे ज्ञानकोशात चालत नाही. कोड द्यायचाच तर दहा-पंधरा ओळी, कल्पना दिसण्यापुरता. वेगाचे आकडे स्वतः मशीनवर काढून टाकू नका, ते कितीही खरे असले तरी स्वतःचं संशोधन ठरतं. आणि तो अलोकेटर तुम्हीच किंवा तुमच्या कंपनीने लिहिला असेल तर लेख स्वतः बनवू नका, चर्चा पानावर उघड सांगून दुसऱ्याला करू द्या. लपवलेलं बाहेर येतंच, आणि मग चांगला विषयही वाया जातो.

वगळायचा प्रस्ताव आलाच तर

इंग्रजी विकिपीडियावर अशी चर्चा साधारण सात दिवस चालते. ते मतदान नाही. दहा मित्रांना आणून "ठेवा ठेवा" लिहायला लावलं तर चर्चा बंद करणारा ते बाजूला सारतो, वर तुमचीच पत जाते. एकच काम करा, नवीन स्रोत शोधून आणा आणि त्यातलं कुठलं पान, किती परिच्छेद, ते तिथे लिहा. "दुसऱ्या अमुक फालतू फंक्शनवर लेख आहे मग याच्यावर का नाही" असं म्हणालात तर बहुतेक वेळा तो दुसरा लेखही प्रस्तावात जातो आणि दोन वैरी होतात. स्रोत मिळत नसतील तर तुम्ही स्वतःच विलीन करायचं सुचवा. मी दुसऱ्या वेळी हेच केलं आणि मजकुराचा बराचसा भाग वाचला.

मराठीत करताना थोडं वेगळं

स्रोत मराठीतच हवेत असं नाही, कुठल्याही भाषेतला भरवशाचा स्रोत चालतो, ही शंका फार लोकांना असते. खरी अडचण माणसांची आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाला २३ खंडांत मावायचं होतं, कागदाचं मोजमाप होतं. २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला कागद लागत नाही, पण लेखावर लक्ष ठेवणारं कोणीतरी लागतं, आणि अलोकेटरवर लक्ष ठेवणारे मराठीत किती असणार. म्हणून इंग्रजीत जे पाच लेख आहेत त्यांचे मराठीत दोन-दोन ओळींचे पाच तुकडे करण्यापेक्षा "मेमरी अलोकेशन" असा एक दणदणीत लेख करा, त्यात बडी, स्लॅब, रीजन असे विभाग, वाढला की वाटणी करायची.

शब्दांचं काय, तर हीपला ढीग आणि स्टॅकला चळत म्हणायला मला आवडतं, पण एकदाच समजावताना. शीर्षकात मात्र लोक जे बोलतात तेच ठेवा. शंका असेल तर चावडीवर विचारा, तिथे उत्तर उशिरा येतं पण येतं.

आणि एक बारीक पण चावणारी गोष्ट. ॲलोकेटर मधला पहिला ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक अ वर वेगळा चंद्र देऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे आहेत, त्यामुळे शीर्षक एका प्रकारे आणि वाचकाचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे असला की लेख असूनही "असा लेख नाही" येऊ शकतं, आणि मग कोणीतरी तोच लेख दुसऱ्यांदा बनवतो. काही जण तर नुसतं अलोकेटर लिहितात. लेख सेव्ह केला की लगेच या तिन्ही रूपांपैकी उरलेल्या दोघांची पुनर्निर्देशनं टाका, मग मोबाइलवरून एकदा आणि लॅपटॉपवरून एकदा शोधून बघा, दोन्हीकडून त्याच पानावर पोचलात की काम झालं.